पोवळ्याच्या घरचा दिवा

पोवळे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सराफाच्या पेटीतला तांबडा खडा येतो. पत्रिकेतला मंगळ जरा जड झाला की अनामिकेत चढणारा. वैद्यांकडे त्याचे भस्म होते, आजीच्या माळेत ते सोन्याच्या मण्यांशेजारी बसते, आणि जुन्या कवींच्या हाती पडले की नायिकेचे ओठ होते. वर्गात ही उपमा शिकवताना मी कितीदा तरी पाहिले आहे की, मुलांना ओठ कळतात, पोवळे कळत नाही. फार तर कोणी विचारतो, “मॅडम, ते दगडच ना?”

दगडच, असे म्हणून पुढे जाता येते. पण शब्द जाऊ देत नाही. पोवळे हा शब्द ज्या ‘प्रवाल’ ह्या संस्कृत शब्दावरून आला, त्याचे संस्कृतात दोन अर्थ आहेत. एक पोवळे, आणि दुसरा झाडाचा कोवळा अंकुर. अंकुर आणि खडा एकाच शब्दात कसे नांदले, हे कोडे मला एम.ए.च्या वेळेपासून होते. ते सुटले अगदी अलीकडे, आणि तेही कोशात नव्हे, तर आमच्याच दिवाणखान्यातल्या दोन फुटी काचेच्या टाकीसमोर बसून.

आमचे आष्टे समुद्रापासून चांगलेच दूर. नकाशावर येथून सरळ पश्चिमेला बोट सरकवीत नेले, तर सह्याद्री ओलांडून ते जवळजवळ नेमके रत्नागिरीला टेकते. मधले अंतर शंभर किलोमीटरांहून जास्त. येथे ऊस, हळद, आणि अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी. मीठ आमच्याकडे पुष्कळ, पण ते नको त्या जागी! अशा गावात माझ्या भाच्याने, म्हणजे शिक्षणासाठी आमच्याकडे राहिलेल्या भावाच्या मुलाने, खाऱ्या पाण्याची टाकी मांडली आणि तिच्यात जिवंत पोवळी ठेवण्याचा घाट घातला. मिठाची पिशवी आली, पंप आला, आणि मग सारे घर एका प्रश्नापाशी येऊन अडले. वर दिवा कोणता लावायचा?

“आत्या, दिवा चुकला तर सगळंच चुकलं,” तो म्हणाला. मला तेव्हा ही अतिशयोक्ती वाटली. दिव्याने मासे छान दिसतात एवढेच मला ठाऊक. पोवळ्याच्या बाबतीत दिवा हा दिसण्याचा प्रश्नच नव्हे, तो जेवणाचा प्रश्न आहे.

हे कसे, ते आधी सांगितले पाहिजे. पोवळे हे झाड की दगड, यावर युरोपातल्या विद्वानांचा पुष्कळ घोळ झाला. अठराव्या शतकात मार्सेच्या पेसोनेल नावाच्या डॉक्टरने, ही तर चिमुकल्या प्राण्यांची वसाहत आहे, असे सांगितले, तेव्हा पॅरिसच्या पंडितांनी ते मानले नाही. पुढे मानावेच लागले. तोंडाभोवती कोवळ्या स्पर्शिकांचे कडे असलेला लहानसा प्राणी, आणि तशांचा एकमेकांना चिकटून राहणारा गोतावळा, म्हणजे पोवळे. कठीण जातींत हा प्राणी पायाशी चुन्याचा ओटा बांधीत जातो, आणि त्या ओट्यांची शतकानुशतके रास झाली की समुद्रात खडक उभा राहतो.

पण गोष्ट येथे संपत नाही. उष्ण समुद्रातल्या उथळ पाण्यात राहणाऱ्या बहुतेक पोवळ्यांच्या शरीराच्या आत, अगदी पेशींत, सूक्ष्म एकपेशीय शैवाल बिऱ्हाड करून असते. प्राणी त्याला जागा देतो, संरक्षण देतो, आपल्या टाकाऊ द्रव्यांचे खत देतो. शैवाल उजेडात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. काही जातींत मालकाच्या गरजेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत शक्ती ह्या भाड्यातून येते. असा भाडेकरू आमच्या आळीत कोणाला मिळालेला मी पाहिला नाही. म्हणजे प्राणी, त्याच्या पोटात वनस्पती, आणि दोघांच्या मेहनतीने खाली दगड. ‘प्रवाल’ म्हणणाऱ्यांना सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता. तरीही अंकुर आणि खडा एका शब्दात बसले, ह्या योगायोगाची मला अजूनही गंमत वाटते.

अंगठीतल्या पोवळ्याचा मात्र ह्या भाडेकरूशी संबंध नाही, हेही येथेच सांगून टाकते. सराफाकडचे खरे तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातले. ते अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात वाढते, त्याच्या अंगात शैवाल नसते, म्हणून त्याला उजेडही लागत नाही. तेव्हा कोणी ‘पोवळ्याला दिवा कशाला?’ असा वाद घातला, तर त्याच्या बोटातल्या पोवळ्यापुरते त्याचे बरोबर आहे.

आता भाडेकरू वनस्पती आहे म्हटल्यावर तिला ऊन लागणार. पण कोणते ऊन? आपल्या अंगणातले नव्हे. समुद्राचे पाणी उजेड गाळून घेते. तांबडा रंग वरच्या पाच-दहा मीटरांतच बहुतेक संपतो, मग नारिंगी, पिवळा, आणि सगळ्यांत खोल पोचतो तो निळा. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरांवर, भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा ‘आंग्रिया बँक’ हा बुडालेला पठारासारखा भाग आहे. त्याचा माथाच पाण्याखाली वीसएक मीटर. तरीही तेथे पोवळ्यांचे मोठे रान आहे, कारण किनाऱ्यापासून दूर असल्याने पाणी नितळ आणि निळा उजेड तळापर्यंत जातो. अंगातले शैवाल ह्याच निळ्यावर पोसलेले. त्याची रंगद्रव्ये निळा उजेड सर्वांत चांगला टिपतात.

उलट मुंबईचे पाणी पाहा. गढूळ. तरी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर पोवळ्यांच्या लहान लहान वसाहती होत्या, आणि किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० साली त्या उचलून कुलाब्याच्या बाजूला नेऊन लावण्यात आल्या. ज्या मुंबईकरांनी आयुष्यभर तेथे भेळ खाल्ली, त्यांच्यापैकी किती जणांना पायाखाली पोवळी आहेत हे ठाऊक होते? सांगायचा मुद्दा एवढाच की पोवळ्यांतही उन्हाची आणि सावलीची अशा दोन्ही प्रकृती असतात. तुळस आणि नेचे ह्यांना आपण एका जागी ठेवीत नाही, तसेच हे.

बाजारात दिवा घ्यायला गेलात की खोक्यावर तीन आकडे असतात, आणि तिन्ही ह्या कामाला अपुरे. वॉट सांगतात दिवा वीज किती खातो. उजेड किती देतो हे त्यावरून कळत नाही. लुमेन सांगतात उजेड किती, पण तो माणसाच्या डोळ्याने दिलेला अभिप्राय. आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड प्रखर वाटतो आणि गडद निळा मंद. म्हणजे पोवळ्याला जो सर्वांत उपयोगी, त्यालाच लुमेनच्या परीक्षेत सर्वांत कमी गुण! केल्विन सांगतात उजेडाचा वर्ण. साडेसहा हजार म्हणजे भर दुपारचा पांढरा, दहा हजार म्हणजे थंड पांढरा, चौदा ते वीस हजार म्हणजे निळसर. खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी शेवटचे दोन वर्ग पाहावेत, पण केल्विनवरून उजेडाचा जोर कळत नाही.

खरे माप चौथे. वनस्पतीला वापरता येणाऱ्या उजेडाचे कण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती पडतात, ह्याचा हिशेब. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘पार’ म्हणतात. (आमच्या वडाच्या पाराशी त्याचे काही नाते नाही.) भर दुपारी उघड्या उन्हात हा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. उथळ पाण्यातल्या कठीण, फांद्यांच्या पोवळ्यांना टाकीत अडीचशे-साडेतीनशे तरी लागतो. आणि नवशिक्याने ठेवावीत अशा मऊ जातींना पन्नास ते दीडशे पुरतो, अळंबीसारख्या चपट्या पोवळ्यांना तर पन्नासच्या आसपास. आता गंमत पाहा. आपल्या दिवाणखान्यात ट्यूबलाइटखाली पेपर वाचताना हाच आकडा पाच-सातच्या पलीकडे जात नाही, आणि आपण म्हणतो, काय लख्ख उजेड आहे! डोळा स्वतःला सांभाळून घेतो, म्हणून तो साक्षीदार म्हणून निरुपयोगी.

‘पार’ मोजायचे यंत्र महाग. एका टाकीसाठी ते विकत घेणे म्हणजे एका पुरणपोळीसाठी पिठाची गिरणी बसवणे. मोबाइलमधल्या मोजणीवरही फार विसंबू नये, निळ्याच्या बाबतीत ती घोटाळा करते. पण चांगले उत्पादक आपल्या दिव्याचा तक्ता देतात: इतक्या उंचीवर टांगला तर पाण्याखाली इतक्या इंचांवर, मध्यभागी इतका, कडेला इतका. दुकानदाराकडे हा तक्ता मागावा. ‘साहेब, एकदम पॉवरफुल आहे’ हे उत्तर मिळाले, तर नमस्कार करून बाहेर पडावे.

दिव्यांचा इतिहासही थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. ते आता बंद आहे, पण वडिलांचे बोट धरून ते पाहिलेल्यांच्या दोन-तीन पिढ्या महाराष्ट्रात सापडतील. त्या काळी मासे दाखवणे जमत होते, जिवंत पोवळे घरात वर्षभर टिकवणे ही मात्र जगातच दुर्मिळ गोष्ट. जकार्ताच्या ली चिन एंग ह्यांनी १९६१ साली आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. समुद्रातलेच जिवंत खडक, समुद्राचेच पाणी आणि खरे ऊन. जकार्तेत समुद्र दाराशी. ज्यांच्या दाराशी तो नव्हता, त्यांना दिवा शोधावा लागला. मग मेटल हॅलाइडचे दिवे आले. उजेड झकास, पण दोनअडीचशे वॉटचा असा एक दिवा म्हणजे पाण्यावर शेगडीच. त्यानंतर बारीक ट्यूब आल्या. त्यांचा उजेड टाकीभर सारखा पसरतो, सावल्या पडत नाहीत, म्हणून जुने शौकीन अजून त्यांची आठवण काढतात. पण त्यांत पारा असतो, म्हणून जगभर त्या बंद होत चालल्या आहेत, आणि दर वर्षाने बदलाव्याही लागतात. आज ट्यूब घेऊ नये असेच मी म्हणेन.

राहिली एलईडी. निळा उजेड देणारा तो चिमुकला स्फटिक तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांनी, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा ह्यांनी, गेल्या शतकाच्या अखेरीस साधला आणि २०१४ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यातूनच घराघरांतला स्वस्त पांढरा दिवा निघाला. तो निळा पोवळ्यांच्या इतका पथ्यावर पडेल, हे मात्र पारितोषिक देणाऱ्यांच्या मनातही नसावे.

एलईडी घेताना पाहायचे ते असे. निळे आणि पांढरे दिवे वेगवेगळे कमीजास्त करता आले पाहिजेत. निळ्याचा भरणा जास्त असावा, पांढरा डोळ्यांच्या सुखापुरता. तांबडे आणि हिरवे ठिपके भरपूर आहेत म्हणून भुलू नये, तांबड्याने नको ते शेवाळ माजायला मदतच होते. दिवा टाकीला शोभेल एवढा असावा. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सव्वाशे लिटरांच्या आसपास पाणी मावते, आणि मऊ पोवळ्यांसाठी तिच्यावर पन्नास-साठ वॉटचा चांगला दिवा पुष्कळ झाला. आणि सर्वांत महत्त्वाचे, तो मंद करता आला पाहिजे. हे वाक्य मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण आमच्या घरी नाटक झाले ते ह्यावरच.

भाच्याने दिवा आणला तो नव्वद वॉटचा. त्याची किंमत ऐकून त्याच्या वडिलांचा मला फोन. “ताई, एवढ्या पैशात इथं घरात सगळे पंखे नवे आले असते!” मी कशीबशी समजूत घातली. टाकीचे पाणी दीडदोन महिने मुरून तयार झाले होते. चार अळंबी-पोवळी आणि एक चामड्यासारखे जाड, पसरट पोवळे आत बसले. दिवा पूर्ण जोरात. पैसे मोजलेत तर उजेडही पुरता वसूल करायचा, हा आपला मध्यमवर्गीय न्याय!

आठवड्यात अळंब्या कोटाच्या बटणाएवढ्या झाल्या. कडा आत वळल्या, रंग फिका पडला. चामडी पोवळ्याने स्पर्शिका मिटून घेतल्या. भाच्याला वाटले, उजेड कमी पडतो. त्याने दहा तासांचे बारा केले. आणखी तीन दिवसांनी दोन अळंब्या जवळजवळ पांढऱ्या दिसू लागल्या. त्या रात्री पोरगा जेवला नाही. आमचे हे म्हणाले, “दुसऱ्या आणू.” त्यावर तो एवढेच म्हणाला, “काका, जिवंत आहेत त्या.”

शेवटी पुण्याच्या एका जुन्या शौकिनाला फोन लावला. त्यांनी फोटो पाहिला आणि एकच विचारले, “दिवा किती टक्क्यांवर?” शंभर म्हटल्यावर ते हसलेसुद्धा नाहीत. “पंचवीसवर आणा. आठ तास. आणि सगळ्यांना तळाशी, कडेला, सावलीत सरकवा. तीन आठवडे काहीही बदलू नका.”

कारण असे. उजेड गरजेपेक्षा फार झाला की शैवालाचे अन्न करण्याचे काम बिघडते आणि त्यातून ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात. घराला आग लावणारा भाडेकरू कोण ठेवील? पोवळे त्याला बाहेर काढते आणि फिके पडते. वर पाणीही तापलेले असेल तर हे फार झपाट्याने होते. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापला, तेव्हा तेथील प्रवाळांचे पांढरे पडणे हेच होते. तेथे दिवा मंद करायला कोणी नव्हते. पांढरे पडलेले पोवळे लगेच मरत नाही, ते उपाशी असते. काही आठवड्यांत शैवाल परतले तर वाचते.

आमच्या चारपैकी तीन वाचल्या. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्या लहान पुरीएवढ्या पसरल्या, आणि त्यांचा तपकिरी तांबूस रंग परतला. एक गेली. मग भाच्याने दर आठवड्याला पाच टक्के ह्या हिशेबाने दिवा वाढवीत नेला आणि चाळीसवर थांबला. तो आजही चाळीसवरच आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त दिवा आम्ही उगाच विकत घेतला, पण तो मंद करता येत होता म्हणून तीन जीव वाचले.

उजेड कमी पडला तर काय होते, तेही ओळखता येते. पोवळे जास्त शैवाल पोसू लागते आणि गडद तपकिरी होते. बटणांसारख्या झुपकेदार जाती देठ लांबवून माना उंच करतात. असे दिसले तर दिवा हळूहळू वाढवावा किंवा पोवळे एक पायरी वर न्यावे. दोन्ही एकदम करू नये. चामडी पोवळे मात्र मधूनमधून चार-सहा दिवस मिटून बसते आणि अंगावरची मेणचट साल टाकते. तो त्याचा स्वभाव, दिव्याचा दोष नव्हे. त्या वेळी दिव्याशी खेळण्याचा मोह टाळावा.

खिडकीजवळ टाकी ठेवून ऊन फुकट का घेऊ नये, असे शेजारी विचारतात. जकार्तेत जमले ते आपल्या एप्रिल-मेमध्ये जमत नाही. पोवळ्यांना चोवीस ते सत्तावीस अंश पाणी हवे, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. उन्हात ठेवलेली टाकी म्हणजे आमटीचे पातेले. तेव्हा टाकी आतल्या भिंतीला, दिवा पाण्यापासून आठदहा इंच वर मोकळ्या हवेत टांगलेला, लाकडी झाकणात कोंडलेला नव्हे, आणि कडक दिवसांत पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे, शुद्ध केलेले पाणी घालावे, कारण मीठ उडत नाही, ते मागेच राहते. टाकीत एका लिटराला सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ हे प्रमाण, आणि ते मीठ म्हणजे खास समुद्री क्षारांचे मिश्रण. डब्यातले मीठ चालत नाही.

विजेचा हिशेब गृहिणींसाठी. साठ वॉटचा दिवा रोज नऊ तास म्हणजे अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त, महिन्याला सोळाएक युनिट. फ्रिजच्या मानाने हे काहीच नाही. पण वीज गेली तर? बहुतेक लोक इन्व्हर्टरवर दिवा घेतात, कारण दिवा दिसतो. हे साफ उलटे. समुद्रावर चार-चार दिवस आभाळ भरून येते, पोवळे तेवढा अंधार सोसते. पाणी हलायचे थांबले तर मात्र त्यातला ऑक्सिजन काही तासांत संपू शकतो. तेव्हा इन्व्हर्टरवर पंप, दिवा नव्हे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीकडे वीज किती दिवस गेली होती, ते ज्यांना आठवते त्यांनी बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही कपाटात ठेवावा. आणि दिव्याची वायर बोर्डाकडे सरळ नेऊ नये. आधी खाली झोळ घेऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे खारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते, बोर्डात शिरत नाही. घरात लहान मुले असतील तर गळतीला वीज तोडणारे यंत्र बसवून घ्यावे. खाऱ्या पाण्याशी आणि विजेशी एकाच वेळी थट्टा नको.

आता एक गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाही. आपल्या देशात खडक बांधणारी सर्व कठीण पोवळी, काळी पोवळी, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि तांबड्या नळ्यांचे ‘ऑर्गन पाइप’ पोवळे ही २००१ पासून वन्य जीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ज्या यादीत वाघ, त्याच यादीत ही. गुन्हा शाबीत झाला तर तीन ते सात वर्षे कैद आणि वर दंड. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पोवळी आहेत, आणि १९८७ पासून तो परिसर सागरी अभयारण्य आहे. सहलीला गेल्यावर तेथून तुकडा उचलून आणणे ही ‘आठवण’ नव्हे. भाच्याला एका विक्रेत्याने फांद्यांचे कठीण पोवळे कुरिअरने पाठवतो म्हणून फोटो पाठवला होता. कागद विचारले तर उत्तर आले, “कागद कशाला, कोण बघतंय?” भाच्याने तो नंबरच काढून टाकला, ह्याचे मला त्या दिव्याच्या सगळ्या प्रकरणापेक्षा जास्त कौतुक वाटले.

नवशिक्याला ज्या मऊ जाती झेपतात, त्या अळंब्या, चामडी पोवळी, बटणांचे झुपके, ह्यांची नावे त्या यादीत नाहीत. तरीही पक्के बिल आणि आयातीचे कागद मागावेत, आणि शंका असेल तर वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारावे. सोयीची गोष्ट अशी की कायद्याने जी चालतात, तीच कमी उजेडात, कमी खर्चात आणि कमी काळजीत जगतात. कठीण पोवळ्यांसाठी लागणारा प्रचंड दिवा घेण्याचे आपल्याला कारणच उरत नाही.

बटणांच्या झुपक्यांविषयी मात्र एक सावधगिरी. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय जहाल विष असते. हातमोजे घातल्याशिवाय त्यांना हात लावू नये, हाताला जखम असेल तर मुळीच नाही. ते बसलेला खडक कधीही गरम पाण्याने धुऊ किंवा उकळू नये, वाफेतून विष श्वासात जाते. लहान मुलांच्या घरात मी ते आणू दिले नसते. आमच्या टाकीत ते नाहीत.

खरेदीच्या वेळी आणखी एक. दुकानात टाकीवर नुसता निळा उजेड असतो आणि त्याखाली पोवळी हिरवी, केशरी, जांभळी अशी दिव्यासारखी चमकतात. हा रंग खोटा नसतो. पोवळ्यातली विशिष्ट प्रथिने निळा उजेड पिऊन दुसऱ्या रंगाचा उजेड परत देतात. भाच्याच्या त्या साध्या अळंबीच्याच कुळातून, ‘डिस्कोसोमा’तून, १९९९ साली रशियन शास्त्रज्ञांनी तांबड्या रंगाने चमकणारे एक प्रथिन शोधून काढले, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींना खुणेचा दिवा लावायला ते वापरतात. पण निळ्याखाली फिके पडू लागलेले, आजारी पोवळेही झगझगीत दिसते. म्हणून दुकानदाराला पांढरा दिवा लावायला सांगावे, आणि त्यात जे दिसेल त्याचे पैसे द्यावेत. साडी आपण दुकानाबाहेर उजेडात नेऊन पाहतो, तेच शहाणपण येथेही.

आमचा दिवा सकाळी अकराला उगवतो आणि रात्री आठला मावळतो. पहाटे पाचला कोणी पाहायला नसते, मग उजेड तेव्हा कशाला? पोवळ्याला दिवस हवा, तो सूर्याबरोबरच हवा असे नाही. शेवटचा तास पांढरा बंद, फक्त मंद निळा. आठनंतर पूर्ण अंधार, कारण रात्रही त्यांना तितकीच लागते. अळंब्या आक्रसतात, आणि चामड्याशेजारचा लहान मासा कपारीत शिरतो.

दिवाळीत येणाऱ्यांसाठी भाच्याने टाकीवर पाटी लावली आहे. उटण्याचा किंवा तेलाचा हात पाण्यात घालू नये, अत्तराचा फवारा ह्या खोलीत मारू नये. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सगळे घर उशिरापर्यंत उजळलेले असते, तेव्हा टाकीही लावून ठेवू, असे आमच्या ह्यांनी सुचवून पाहिले. भाच्याने टायमरला हात लावू दिला नाही. तेव्हा आष्ट्याच्या बाजूला येणे झाले तर सातपर्यंत या. निळा उजेड त्याच वेळी असतो. फराळ काय, नऊलाही मिळेल.